पुसलेल्या ओळी

बाबांचे शब्द मी पहिल्यांदा झोपेत ऐकले. ते एसटीत कंडक्टर होते आणि वर्ध्याहून आर्वीमार्गे आष्टीला जाणारी सकाळची पहिली गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. पहाटे खाकी सदऱ्याची बटणं लावता लावता ते आदल्या दिवशी गाडीत कानावर पडलेला एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहत. 'टोंगया', म्हणजे गुडघा. 'इस्तो', म्हणजे विस्तव. 'उलसाक', म्हणजे अगदी थोडंसं. मी गोधडीत अर्धी जागी, अर्धी झोपेत. ते शब्द माझ्या स्वप्नात शिरायचे आणि तिथे त्यांचं भलतंच काहीतरी व्हायचं. उलसाक नावाचा एक पांढरा पक्षी मी लहानपणी कितीतरी दिवस पाहत होते.

प्रवाशांच्या तोंडी असलेले आणि पुस्तकात न सापडणारे शब्द बाबा टिपून ठेवत. तिकिटांचा गठ्ठा फाडून संपला की मागे जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा उरे. त्यावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात तो कुणी, कुठल्या थांब्यावर म्हटला ते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षण दहावीपर्यंत. पण गाडी धावत असताना उभं राहून लिहायची सवय हाताला लागली होती, आणि कानाला चाळा लागला होता. निवृत्त झाले तेव्हा अशा पुठ्ठ्यांनी दोन लोखंडी पेट्या भरल्या होत्या. आई तेव्हा होती. ती म्हणायची, "यायनं साऱ्या जिल्ह्याचं बोलनं घरात आनून ठेवलं. मले बोलाले जागाच नाई उरली."

आई गेल्यावर बोरगाव मेघेच्या घरात आम्ही दोघंच राहिलो. मी वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. पहिल्या वर्षी बाबा फारसं बोलत नसत. एका रविवारी त्यांनी आपणहून पेटी उघडली, पुठ्ठ्यांचा एक जुडगा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हे तुह्या मशीनमंधी बसन का?"

तिथून पुढची आठ वर्षं रोज संध्याकाळी आम्ही तेवढंच केलं. बाबा खुर्चीत बसून पुठ्ठा डोळ्यांपासून लांब धरत, मी लॅपटॉपवर टाइप करी. एकेका अक्षराची एकेक फाइल. बाबा नुसता अर्थ सांगून थांबत नसत. 'कोंटा' हा शब्द आला की तो म्हणणारी बाई आली, तिच्या कडेवरचं पोर आलं, ते पोर गाडीच्या कोंट्यात कसं झोपलं तेही आलं. मी ते सगळं ऐकता ऐकता टाइप करून टाकी आणि बाबा जेवायला उठले की कापून काढी. शब्द, अर्थ, एखादं वाक्य. शब्दकोश म्हटला की असा असतो, असं मला वाटे. ग्रंथालयात आयुष्य गेलं होतं माझं.

कॉलेजच्या संगणक विभागातले एक सर मदतीला होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा, ती कुठल्याही मशीनवर उघडते. दुसरी, बॅकअप ठेवा. त्यांनीच एक काळा डबा आणून लॅपटॉपला जोडून दिला. डब्यावर एक निळा दिवा होता. "तुम्ही काही करायचं नाही," सर म्हणाले. "तुम्ही लिहीत राहा. जे जे बदलेल त्याची प्रत हा आपोआप ठेवत राहील. सारखा." मी एक ओळ लिहिली की तो दिवा पापणी लवावी तसा लुकलुके. पुढे पुढे मला त्या लुकलुकण्याची सोबत वाटायला लागली. आपण बोलतोय आणि समोरचं कुणी मान हलवतंय, तसं.

त्याच भरवशावर मी एक गोष्ट केली. एका पावसाळ्यात पेट्यांच्या तळाला वाळवी लागली. पुठ्ठे टाइप करून झाले होते, काही तर हातात घेतले की भुगा होत. बाबांनी विचारलं, "टाकू का मंग हे?" मी स्क्रीनवरची नजर न उचलता म्हटलं, "टाका, बाबा. सगळं आत आहे आता." त्यांनी ते परसात नेऊन जाळले. बराच वेळ तिथे उभे होते.

लॅपटॉप बंद पडला तो जानेवारीत. सुट्टीचा दिवस होता, बाहेर पांढरट कोवळं ऊन पडलं होतं. मी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत राहिला, नख आपटावं तसा. सरांना फोन केला. ते म्हणाले, डिस्क गेली, पण तुम्हाला कसली काळजी, डबा आहे ना. मलाही काळजी वाटली नाही. आठवडाभराने नवा लॅपटॉप आला. सर घरी आले, डबा जोडला, निळा दिवा लागला. आणि पडद्यावर एक ओळ आली, की हा बॅकअप वाचता येत नाही.

सरांनी पुन्हा जोडला. पुन्हा तीच ओळ. ते बराच वेळ काहीबाही उघडून पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "मॅडम, इथे वीज किती वेळा जाते?"

बोरगावात वीज जायची तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहायचा. डब्याला बॅटरी नव्हती. मी टाइप करत राहायची आणि डबा लिहिता लिहिता मधेच आंधळा व्हायचा. कुठली प्रत कुठे ठेवली याची एक यादी तो स्वतःजवळ ठेवत असे. अशाच कुठल्या तरी वेळी ती यादीच मोडली होती. कदाचित महिन्यापूर्वी, कदाचित दोन वर्षांपूर्वी. दिवा मात्र लुकलुकत होता.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. सर गेल्यावर ते आत आले.

"काय झालं?"

"बाबा, शब्द गेले."

"कोनते?"

"सगळे."

 मला वाटलं आता ते पुठ्ठ्यांचं काढतील. त्यांनी काढलं नाही. परसात गेले, जांबाच्या झाडाला बादलीभर पाणी घातलं, आणखी एक बादली घातली. परत येऊन म्हणाले, "आपन पुन्हा गाडीत बसू. लोकं तर बोलूनच राह्यले ना?"

ते ऐंशीला टेकले होते. मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पुढचे काही दिवस मी जागेपणी फारशी कुठे नव्हतेच. ग्रंथालयात पुस्तकं परत घेताना वाटे, पानं कोरी आहेत. घरी आले की डबा लावायची, काढायची, पुन्हा लावायची. आज कदाचित त्याला आठवेल, असं वाटायचं. सरांनीच शेवटी एक पत्ता दिला. वर्धा स्टेशनच्या रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत एक बाई हेच काम करते म्हणाले. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढण्याचं.

शनिवारी बाबाही सोबत निघाले. ऑटोत डबा त्यांनी मांडीवर धरला होता, टॉवेलात गुंडाळून. अरुंद जिना चढून गेलो तर दाराशी चपला काढायची पाटी. आत गार अंधार, टेबलावर एकच दिवा, भिंतभर उघडी मशीनं. चाळिशीतली एक बाई, केस घट्ट बांधलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. बाबा दारातूनच "जय भीम" म्हणाले. तिने उठून "जय भीम, बाबाजी" म्हटलं आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली. मी सगळं सांगितलं.

"पहिले हे सांगा ताई," ती म्हणाली, "हा डबा किती वेळा लावून पाहिला?"

"मोजलं नाही."

"रोज?"

मी मान हलवली.

"आता नका लावू. पाय मोडलेल्या मानसाले जिना चढाले लावता का? तसंच हाय हे." तिने डबा टॉवेलासकट उचलून घेतला. "आधी याची जशीच्या तशी नक्कल काढते. एकेक कण. मंग जे करायचं ते नकलेवर. हा कपाटात झोपन."

"भेटन का काही?" बाबांनी विचारलं.

"यादी गेली बाबाजी, माल गेला नाई. निदान मले तसं वाटते. पन मालावर नाव नाई, नंबर नाई. गोदामात अंधार करून सामान इकडचं तिकडं फेकल्यासारखं झालं हाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "मराठीत लिहिलं होतं? साध्या फाइलीत?"

"हो."

"मंग बरं हाय. मशीनच्या पोटात मराठीचं एकेक अक्षर तीन तुकड्यायनं लिहिलेलं असते. त्यातला पहिला तुकडा कायम एकच. इंग्रजीत तो येत नाई. म्हनून सारी डिस्क चाळायची, अन् जिथं तो तुकडा एकामागं एक दिसला तिथं थांबायचं. तिथं मराठी असते."

बाबांना हे फार आवडलं. परतताना ऑटोत ते एकदम म्हणाले, "म्हनजे कोनी बोललं का आपन वयखतोच ना, हा आपल्याकडचा हाय म्हनून. तसंच." 

नक्कल निघायला आठवडा लागला. डबा मधेमधे अडे, ती त्याला थंड होऊ देई, पुन्हा सुरू करी. मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन बसू लागले. तिला माझी काही गरज नव्हती. पण माडीत बसलं की स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा खिडकीतून येत, अर्ध्याच, कारण दुसरा अर्धा रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये बुडे. '...कडे जाणारी... फलाट क्रमांक...' पडद्यावर अर्थ नसलेली चिन्हं खालून वर सरकत राहत, राखाडी पावसासारखी. माझे डोळे मिटत. एकदा झोपेतच वाटलं की मी त्या डब्यात आहे, लांबच लांब एसटीच्या आत, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर पुठ्ठे बसलेत, खिडकीबाहेर बघत.

"ताई," तिने खांद्याला हात लावला. "उठा. हे पाहा."

त्या राखाडीत मधोमध एक ओळ थांबली होती. 'कोंटा : कोपरा. बाई म्हने पोराले कोंट्यात निजवू द्या भाऊ, त्याले हवा लागते, अन् मंग मी माह्या पिशव्या'

तिथेच तुटली होती. मी ती तीनदा वाचली. ती बाई, तिचं पोर, तिच्या पिशव्या. हे मी स्वतःच्या हाताने कापलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी.

"हे तर मी काढून टाकलं होतं," मी म्हटलं.

"तुम्ही काढलं. यानं ठेवलं," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द बदलवला तरी हा आधीची प्रत सोडत नव्हता. सारखाच ठेवत होता ना? आता यादी नाई म्हनून सारंच वर येऊन राह्यलं. नवं, जुनं, मिटवलेलं, सारं एकाच भावानं."

महिन्याभराने मी आणि बाबा गेलो तेव्हा तिने मला एक नवी डिस्क दिली. त्यात हजारो तुकडे होते, नुसत्या आकड्यांच्या नावाचे. एका तुकड्यात दोन पानं, दुसऱ्यात अडीच ओळी, तिसऱ्यात फक्त 'म्हनजे'. एकाच पानाच्या वीस वीस प्रती, एकीत एक शब्द जास्त, दुसरीत एक वेलांटी कमी. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कळायला मार्ग नव्हता. "मी इथपर्यंतच आनू शकते," ती म्हणाली. "पुढचं ज्याचं त्यालेच माहीत." आणि जिन्याशी येऊन बाबांना म्हणाली, "बाबाजी, लावून झालं का मले सांगजा. मले 'भ' वाचायचा हाय. माही आजी टमाट्याले भेदरं म्हने."

मग उन्हाळा आला आणि दुपारी लांबल्या. मी सुट्टी काढली. कूलरच्या घरघरीत, वाळ्याच्या वासात, पडदे ओढून आम्ही दोघं बसायचो. मी तुकडा उघडून वाचायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे.

"'धुरा. वावराची हद्द.'"

"जुनं हाय. मंग आपन 'बांध' टाकलं होतं त्याच्यात."

"'धुरा. वावराची हद्द, बांध. दोघं भाऊ धुऱ्यावरून भांडत आर्वीले उतरले, तिकीट आष्टीचं होतं.'"

"हे मधलं. त्या दोघाईतला धाकटा मंग रडला होता, ते घेतलं का?"

मी शोधायची. दुसऱ्या कुठल्या तरी तुकड्यात धाकटा भाऊ रडत असायचा.

त्यांना तारखा आठवत नसत. पण कुठल्या ओळीत आपण काय सुधारलं, कशावरून सुधारलं, ते बरोबर सांगत. त्या तीन महिन्यांत मी एक वेगळीच आष्टीची गाडी पाहिली. तिच्यात काळ एकामागून एक येत नव्हता. एका तुकड्यात एक बुढा गाडीत चढायचा, नंतर उघडलेल्या तुकड्यात तो अजून थांब्यावरच उभा असायचा, आणि तिसऱ्यात कुणीतरी सांगायचं की तो बुढा कधीच गेला. सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बाजाराला निघालेली बाई सतरा वेळा चढली आणि प्रत्येक वेळी तिच्या टोपलीचा वास बाबांनी थोडा वेगळा सांगितला होता. मी वाचता वाचता थांबले की खोलीत कूलरचा आवाज आणि बाबांचा श्वास. ते झोपलेत की ऐकतायत, कळत नसे. मग डोळे न उघडता म्हणत, "मंग? उतरली का ती?"

एका दुपारी मी म्हटलं, "बाबा, हे सगळं मी कापत होते. तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तू शिकलेली. तुले माहीत कोश कसा असते ते."

"मला नव्हतं माहीत."

 ते म्हणाले, "धाकट्याचं ठेव मंग."

मी धाकट्याचं ठेवलं. सगळ्यांचंच ठेवायला लागले. हळूहळू अक्षरं उभी राहिली. क, ख, च, ट, प. काही पानांना भोकं पडलेली, काही ओळी तोंडात शब्द असतानाच तुटलेल्या. एक अक्षर मात्र आलंच नाही. ग ची फाइल, का कोण जाणे, एकाही तुकड्यात नव्हती. माडीवरच्या त्या बाईने पुन्हा सारी नक्कल चाळली. नाही.

बाबांना आठवले तेवढे ग चे शब्द त्यांनी सांगितले. मग एके सकाळी पांढरा सदरा घालून तयार झाले. "चाल," म्हणाले. "बाजाराचा दिवस हाय."

आम्ही आष्टीची गाडी धरली. बाबा खिडकीशी बसले, पण बाहेर बघत नव्हते. कान मागे होता. गाडीत आता बरेच जण फोनवर बोलत होते, कुणी कानात वायरी घालून बसलेले. आर्वी गेली. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, उन्हात स्थिर, पाण्याखाली असल्यासारख्या. मला पेंग आली. त्या गुंगीत मागून एका म्हातारीचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, "पोरीचं घर चांगलं हाय वं, सारं हाय. पन मले तिथं गमतच नाई. दोन दिवस झाले का जीव गावाकडं पयते."

बाबांनी माझ्या हाताला कोपर लावलं. मी डोळे उघडले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "लिही. गमनं."

"तुम्हाला माहीत नव्हता का हा?"

"माहीत काऊन नसन? रोजचाच हाय. म्हनूनच राहून गेला असन." त्यांनी मागे वळून त्या म्हातारीकडे पाहिलं. "गाव कोनतं बाई तुमचं?"

तिने गाव सांगितलं. मग बाबा आणि ती आष्टी येईपर्यंत बोलत राहिले, आणि मी मांडीवरच्या वहीत लिहीत राहिले. त्या एका दिवसात आम्हाला ग चे अकरा शब्द मिळाले. परतताना बाबा खरोखरच झोपले, माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

पावसाळा संपता संपता फक्त उरलेसुरले तुकडे राहिले होते, कुठेच न बसणारे. ते मी एकटीच बघत होते. बाबा मागच्या खोलीत आडवे झाले होते. एक तुकडा उघडला. त्यात एवढंच होतं: 'तुझ'.

पुढचा. 'तुझ्य'. आणखी एक. 'तुझ्या आ'.

मी असं कधी लिहिलेलं नव्हतं. लांबीप्रमाणे लावून पाहिलं तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर वाढत गेलं, एकेक अक्षर, मधे कितीतरी चुका, चुका पुसून पुन्हा. स्वल्पविराम नाही, ओळीच्या शेवटी टिंब नाही. एका बोटाने, किल्ली शोधून शोधून दाबलेलं. मी रोज अकराला कॉलेजात जात असे. त्या रिकाम्या घरात कुणीतरी हे लिहिलं होतं आणि डब्याने मुकाट्याने अक्षर अक्षर ठेवून घेतलं होतं. शेवटच्या, सर्वांत लांब तुकड्यात वर लिहिलं होतं, 'तुझ्या आईचे शब्द'. आणि खाली तीन ओळी.

'फुंकर बोलने लेकरू निजले असता हळू बोलने'

'पाठमोरे हासने सासूला दिसू नये म्हनून भिंतीकडे तोंड करून हासने'

'वेळ बसली दुपारी सारे काम आटोपून अंगनात काहीच हालत नाही ती वेळ तेवा ती म्हने आता वेळ बसली तुमी पन बसा'

त्यानंतर एकही तुकडा नव्हता. 

मी बसून राहिले. आईला भिंतीकडे तोंड करून हसताना मी पाहिलं होतं. तिचे खांदे हलायचे. लहान असताना मला वाटायचं ती रडतेय. त्याला एक नाव आहे, आणि ते नाव या घरात फक्त त्या दोघांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

बाबा उठून आले तेव्हा मी चहा केला. कप हातात दिल्यावर विचारलं, "बाबा, तुम्ही कधी माझ्या लॅपटॉपवर लिहिलं होतं?"

"काऊन?"

"सांगा ना."

त्यांनी बशीत चहा ओतला. "ते तर मी मिटवलं होतं."

"मिटवलेलंही त्या डब्यानं ठेवलं."

"बाप्पा! भलताच हट्टी हाय तुहा डबा." ते हसले, पण माझ्याकडे न बघता.

"का मिटवलं?"

"कोश तर गाडीतल्या लोकायचा. तुही आई कुठं बोलली गाडीत? ती गाडीत बसली का चूपच बसे, मी ड्युटीवर असलो तर मले वयख पन दाखवत नव्हती." बशी त्यांनी तशीच धरून ठेवली होती. "अन् घरातलं बोलनं चार लोकायत मांडनं बरं दिसत नाई. तिले इचारलं कुठं होतं मी?"

 जे हरवलं ते परत आणायला मी आठ महिने धडपडत होते. जे त्यांनी स्वतः पुसलं होतं, ते मी कुणाच्या हक्काने परत आणलं?

"काढून टाकू का मग?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं. या वेळी खरंच काढते, सगळीकडून."

ते चहा संपवून परसात गेले.

मी तो तुकडा एका कागदावर छापला आणि त्यांच्या उशाशी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, घडी न मोडलेला. तिसऱ्या दिवशीही. मी विषय काढला नाही. चौथ्या दिवशी कॉलेजातून आले तर कागद माझ्या टेबलावर, नव्या लॅपटॉपच्या झाकणावर होता. पेन्सिलीने एकाच ठिकाणी खूण केलेली. 'वेळ' मधला ळ खोडून वर मोठा, ठळक य काढला होता.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ते मी शायेतलं लिहिलं होतं, चुकून," ते म्हणाले. "तुही आई कुठं गेली होती शायेत. ळ नव्हताच तिच्या तोंडात. ती म्हने, वेय. वेय बसली."

मी लॅपटॉप उघडला. व ची फाइल काढली, 'वेय' लिहिलं, अर्थ लिहिला, आणि ती कधी म्हणायची तेही पूर्ण लिहिलं. काही कापलं नाही. बाबांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला, पडद्यावरची ओळ बोट फिरवत वाचली.

"आनखी हायेत तिचे," ते म्हणाले. "दमानं सांगतो. लिही."